रंग सोडला तर

मुंडलेकाकूंना फोनवर कोणी घोड्याचा रंग आधी विचारला की त्या फोन ठेवून देत. त्याच माणसाने पुन्हा केला, तर "आधी पाय कसे आहेत ते विचारा" एवढं इंग्रजीत सांगून पुन्हा ठेवत. तिसऱ्यांदा फोन करणारा विरळाच. तसा कोणी निघालाच तर काकू त्याला नुसता घोडा दाखवून सोडत नसत, वरणभात जेवायला घालून पाठवत. "असा धंदा करतात होय?" असं डॉक्टर मुंडले चारचौघांत विचारायचे आणि आम्ही सगळे हसायचो. डॉक्टर बोलले की हसायचं, अशी आमच्या मराठी मंडळात पद्धतच होती.

ही ऐंशीनंतरच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. मी लग्न करून सांगलीहून थेट अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आले होते. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, घर म्हणजे अपार्टमेंट आणि बाहेर बर्फ. मला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे तो कामावर गेला की मी दिवसभर खिडकीत. मंडळाच्या बायका फोनवर "कंटाळा येत असेल ना गं?" असं विचारायच्या आणि मी हो म्हणायच्या आत फोन ठेवायच्या. काकूंनी काही विचारलं नाही. एका सकाळी चिखलाने माखलेला त्यांचा पिकअप ट्रक खाली येऊन उभा राहिला, भोंगा वाजला आणि मी खाली गेले तशी माझ्या पायांकडे बघून त्या म्हणाल्या, "चपला? शहाणीच दिसून राहिली. मागे बूट आहेत ते घाल." ते बूट डॉक्टरांचे होते आणि अगदी कोरे होते.

मुंडल्यांचं फार्म नोव्हायच्या पश्चिमेला, जिथे वस्ती संपून कुंपणं सुरू होत तिथे होतं. मंडळातल्या बाकीच्या डॉक्टरांनी तळ्याकाठी घरं घेतली, मुंडल्यांनी घोडे घेतले. कारण त्यांच्या अकाउंटंटने सांगितलं, घोड्यांत तोटा दाखवला की टॅक्स वाचतो. तेव्हा तशी सोय होती. मग डॉक्टरांनी एक काऊबॉय हॅट घेतली, पाहुण्यांना कुंपणापर्यंत नेऊन हात पसरून "हे सगळं आपलं" म्हणायला सुरुवात केली, आणि त्या कुंपणापलीकडे ते कधी गेले नाहीत. ते भूल देणारे डॉक्टर. हातांना वास लागलेला त्यांना चालत नसे. कुंपणापलीकडचं सगळं काकूंच्या वाट्याला आलं, आणि तेच त्यांचं आयुष्य झालं.

काकू नागपूरच्या. लग्नाआधी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. अमेरिकेत त्या शिक्षणाची कोणी विचारपूस केली नाही. अंगाने बुटक्या आणि रंगाने काळ्या. मी एकदा भीत भीत "सावळ्या" म्हटलं तर मला म्हणाल्या, "सावळं कनवाळू लोक म्हणतात. तू काळीच म्हण." साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, खाली रबरी बूट, वर डॉक्टरांचा जुना जाड पार्का कोट आणि पार्काच्या खिशात खडू. नोकरी सुटली होती, खडू सुटला नव्हता. तबेल्यातल्या प्रत्येक दारावर त्या घोड्याचे आईबाप, आजीआजोबा, भावंडं आणि प्रत्येकाचा रंग त्यांच्या गोल गोल अक्षरात लिहिलेला असे. पावसाने पुसलं की त्या न बघता पुन्हा लिहीत.

घोड्यांशी त्या मराठीत बोलत. बाजूला हो म्हणायचं असेल तर खांद्याला तळहात लावून हळूच "सरक" म्हणत, आणि एवढालं धूड मुकाट्याने सरके. नाल ठोकायला येणारा दांडगा अमेरिकनसुद्धा "सरक" म्हणायला शिकला होता. एकदा काकूंकडून घोडी विकत घेतलेल्या एका माणसाचा ओहायोहून तक्रारीचा फोन आला की ही जागची हलत नाही. काकूंनी त्याला फोनवर तो शब्द शिकवला, चारदा म्हणून घेतला, 'र' नीट येईपर्यंत सोडलं नाही.

त्यांच्या जाहिराती हा एक वेगळाच प्रकार होता. शेतकऱ्यांच्या एका स्थानिक पेपरात त्या छापून येत. इतर लोक ठळक अक्षरात 'सुंदर बकस्किन!' असं लिहून खाली फोन नंबर देत. काकूंची जाहिरात साधारण अशी असे: 'घोडी, सहा वर्षांची. पाय चांगले. नाल ठोकताना कान मागे टाकते, लाथ मारत नाही. ट्रेलरमध्ये चढायला वेळ लावते, ढकलू नये. मुलांना चालेल, घाईच्या माणसाला नाही. रंग बकस्किन.' पेपरवाली मुलगी फोनवर म्हणायची, मॅडम, रंग वर घेऊ या का, लोक तेच शोधतात. काकू म्हणायच्या, "लोकांना शोधू दे. शेवटपर्यंत वाचतील तरी."

आणि एक बोलणं त्यांच्या तोंडात सतत असे: रंग सोडला तर. मंडळाच्या जेवणात कोणाची कोबीची भाजी करपली, की "रंग सोडला तर भाजी छान झाली हो." मार्चमध्ये सगळीकडे राखाडी चिखल झाला, की "रंग सोडला तर मिशिगन वाईट नाही." मला वाटायचं ही त्यांची गंमत आहे. एकदा घोडीला खरारा करता करता मी विचारलं, हे कुठून काढलंत? त्या खरारा न थांबवता म्हणाल्या, "काढलं कुठून, दिलेलं आहे. हे लोक मला बघायला आले होते ना, तेव्हा सासूबाई पोहे खाऊन झाल्यावर माझ्यासमोरच म्हणाल्या, 'रंग सोडला तर मुलगी चांगली आहे.' मग रंगाची भरपाई बाबांनी केली. कशी ते विचारू नको." घोडीचं अंग त्या दिवशी त्यांनी इतकं चकचकीत केलं की हात लावायची भीती वाटावी.

डॉक्टरांनी ते वाक्य घरात जपून ठेवलं होतं. पार्टीत ते मुलीबद्दल म्हणायचे, "आमच्या रोहिणीने रंग आईचा घेतला, डोकं माझं." रोहिणी तेव्हा कॅलिफोर्नियात कॉलेजात होती. काकू ताटं गोळा करता करता म्हणायच्या, "रंग दिसतो तरी. डोकं कोणाचं ते कळायची टेस्ट अजून निघायची आहे." तरीही लोक डॉक्टरांच्याच वाक्याला हसायचे.

आता त्या रंगाचं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. बकस्किन म्हणजे अंग पिकल्या गवतासारखं पिवळसर आणि आयाळ, शेपूट, पाय काळेभोर. आपल्याकडचे जुने घोडेवाले त्याला समंद म्हणायचे, आणि काकूही समंदच म्हणत. दिसायला देखणा प्राणी, गिऱ्हाइकं त्यावरच पडत. पण या रंगाची एक खोड होती, आणि ती काकूंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात चहावर शिकवली.

"हा कोरा चहा," त्यांनी एक कप पुढे सरकवला. "हा कुमैत घोडा. तांबडं अंग, काळी आयाळ. यात एक चमचा दूध घातलं की समंद. एक चमचा तांबड्यावर चढतो, काळ्यावर चढत नाही, म्हणून आयाळ काळीच राहते. आणि दोन चमचे घातले की मग काळंही उरत नाही. सगळं शिंगरू मलईसारखं, कातडी गुलाबी, डोळे निळे. आता ऐक. समंदाजवळ चमचा एकच. तो पोराला देईल नाही तर देणार नाही, काही सांगता येत नाही. म्हणून समंदाला कुमैत जोडायचा. निम्मी पोरं समंद, निम्मी कुमैत, सगळी धडधाकट. समंदाला समंद जोडला, तर चारात एखाद्याला दोन्हीकडून दूध मिळणार."

"मग काय झालं? पांढरं शिंगरू छानच दिसत असेल की," मी म्हटलं.

"छान दिसतं. त्याला कागद मिळत नाहीत," काकू म्हणाल्या. तेव्हा घोड्यांच्या संघटनांचा तसा नियमच होता. अशा शिंगराला त्या दोषी जनावर समजत, नोंदवहीत घेत नसत, आणि कागद नसलेल्या घोड्याला बाजारात मोल नव्हतं. लोक म्हणत ते आंधळं होतं, उन्हात जळतं, त्याचं मूल वेडं निघतं. यातलं उन्हाचं थोडंफार खरं, बाकी सगळ्या थापा. पण मोठमोठ्या फार्मांवर असं शिंगरू जन्मलं की उठून उभं राहायच्या आत संपवत आणि कोणाला सांगत नसत. पुढे कित्येक वर्षांनी ते नियम बदलले. आता आयाळीचे चार केस लॅबला पाठवले की किती चमचे ते लिहून येतं, आणि अशा निळ्या डोळ्यांच्या घोड्यांच्या जाहिराती 'प्रत्येक शिंगरू हमखास बकस्किन' म्हणून झळकतात. मी त्या वाचते आणि माझं डोकं फिरतं.

काकूंचा नियम होता: समंदावर समंद नाही. त्यांची सोनी नावाची समंद घोडी होती, तिला त्या दर वर्षी शेजारच्या कुमैत घोड्याकडूनच फळवायच्या. त्यामुळे निम्मी शिंगरं साधी तांबडी निघत आणि ती विकायला वेळ लागे. डॉक्टर कुरकुर करत. "निम्मा माल ब्राऊन! हिला धंदा कळत नाही."

एका वसंतात काकूंची आई आजारी पडली. काकू नागपूरला गेल्या, आईचं सगळं करून, तेरावं उरकून दीड महिन्याने परत आल्या. त्या मधल्या दिवसांत डॉक्टरांनी, जे कधी कुंपणापलीकडे गेले नव्हते, एका बड्या फार्मवर फोन केला आणि सोनीला तिथल्या नावाजलेल्या समंद घोड्याकडून फळवून आणलं. बायकोला खूश करायचं म्हणून, असं ते म्हणाले. त्यांचा हिशेब आमच्या लोकांचा नेहमीचा होता. गोऱ्याला गोरी बघायची, म्हणजे मुलं गोरी. दोन्हीकडून समंद, म्हणजे पोर समंद! विज्ञानाची पदवी घेतलेला माणूस, पण लग्नं अशीच जुळवताना जन्मभर बघितलेली, त्यामुळे दुसरं काही त्याच्या डोक्यातच आलं नाही.

काकू चिडल्या नाहीत. त्यांनी मला हाक मारून चार कप मांडायला लावले. एकात कोरा चहा, दोनात चमचाभर दूध, चौथ्यात जवळजवळ दूधच. ट्रे डॉक्टरांपुढे ठेवून म्हणाल्या, "यातला एक येईल. कोणता ते सांगा."

डॉक्टरांनी मधला उचलला, भुरका मारला आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "हा. अगदी फर्स्ट क्लास."

पुढच्या वर्षी बर्फ वितळता वितळता, एका सकाळी, चौथा कप आला.

मी पोचले तेव्हा शिंगरू पेंढ्यात उभं राहायला बघत होतं. मादी. मलईच्या रंगाची, पापण्यासुद्धा तशाच, आणि डोळे असे निळे की आपल्याकडे बघतंय की आपल्यातून पलीकडे, कळू नये. सोनी तिला चाटत होती. डॉक्टर हॅट न घालता कुंपणाच्या आत आलेले मी पहिल्यांदा पाहिले. उंच म्हातारा व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, बॅग उघडून उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला की हे आत्ताच करून टाकलं तर बरं, आईला फारसं कळणार नाही, आणि बाहेर कोणाला सांगायचंही कारण नाही.

"पाय वाकडे आहेत?" काकूंनी विचारलं.

"नो मॅडम."

"दूध ओढत नाही?"

"ओढतेय की."

"मग इंजेक्शन कशाचं?"

व्हेटने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "अगं, कागद नाहीत, गिऱ्हाईक नाही. उगाच सेंटिमेंटल होऊ नकोस. लोक काय म्हणतील, मुंडल्यांच्या घरात हे असलं..."

काकू मोठ्याने हसल्या. घोडी दचकली. "सासूबाई आज असायला हव्या होत्या," त्या म्हणाल्या. "गोरी झाली म्हणून मारतात हे बघायला." मग इंग्रजीत व्हेटला म्हणाल्या की बॅग बंद करा आणि कॉफी घ्यायला घरात चला. तो निमूटपणे गेला. डॉक्टर मागून गेले. काकू पेंढ्यात फतकल मारून बसल्या, आणि मग मात्र त्यांनी मला जे सांगितलं ते कधी नव्हे इतक्या घाईघाईने सांगितलं. हिच्याजवळ दोन्ही चमचे आहेत. म्हणजे ही एक चमचा देणारच, न देऊन जाईल कुठे? घोडा अस्सल कुमैत असला की हिचं प्रत्येक पोर समंद. प्रत्येक! सगळे ज्याच्यामागे धावतात तो रंग हिच्याकडून दर वर्षी न चुकता मिळेल, आणि हिलाच हे मारायला निघाले. "पण सांगून कोण ऐकतं? दाखवायला पाहिजे. ही मोठी होऊ दे. पाच पोरं होऊ दे. पाच समंद एका रांगेत उभे करते, मग बघते कोण काय बोलतं."

शिंगराचं नाव मंडळाच्या बायकांनी ठेवलं. बघायला झुंडीने आल्या. "अय्या, किती गोरी! डोळे बघ गं, निळे!" असं म्हणत बारशाला आल्यासारख्या कौतुक करून गेल्या आणि गौरी म्हणून गेल्या. काकूंना ते नाव मनापासून आवडलं नाही, पण त्यांनी बदललं नाही. "राहू दे. तिला काय कळतं," म्हणाल्या.

त्याच गौरीवरून मंडळात एक भांडण झालं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शैलाताई खरे म्हणून एक बाई होत्या, त्या आपल्या भावासाठी भारतातून मुलगी शोधत होत्या. त्यांनी काकूंना विचारलं, नागपूरकडे कोणी आहे का बघा ना. गोरी हवी, उंच हवी, घारे डोळे असले तर दुधात साखर. रोहिणी तेव्हा सुट्टीला घरी आली होती आणि तिथेच बसून भाजी चिरत होती. तिच्याबद्दल शैलाताईंनी अवाक्षर काढलं नाही. त्यांना ती दिसलीच नसावी. काकूंनी शैलाताईंचा हात धरला आणि त्यांना कांजीवरम साडीत तशीच चिखलातून तबेल्यात नेलं. "ही बघा. गोरी आहे, उंच आहे, डोळे घारे नाहीत, निळे आहेत. स्वभावाने गरीब. स्वयंपाक येत नाही. आणि कागद नाहीत, पण तुम्हाला अमेरिकेतच ठेवायची असल्यामुळे अडचण नाही."

रोहिणी मागून म्हणाली, "Aai, stop it. Just stop." आणि घरात निघून गेली. शैलाताईंनी वर्षभर अबोला धरला. काकूंना त्याचं काही वाटलं नाही, पण रोहिणीचं लागलं. मला घरी सोडताना ट्रकमध्ये म्हणाल्या, "मी तिच्यासाठी बोलले गं. तिला वाटलं मी तिला घोडीशेजारी उभी केली."

गौरी वाढली. उन्हाळ्यात काकू तिच्या गुलाबी नाकाला झिंकचं पांढरं मलम चोपडत आणि स्वतः मात्र उन्हात करपत. गौरी चार वर्षांची झाली त्या वसंतात तिला शेजारच्या कुमैतापासून पहिलं शिंगरू झालं. समंद. काकूंनी दारावर खडूने एक उभी रेघ मारली. डॉक्टर म्हणाले, "योगायोग." पुढच्या वर्षी दुसरं, तेही समंद. दुसरी रेघ. डॉक्टर म्हणाले, "दोन म्हणजे काही प्रूफ नाही. तूच सायन्स शिकवायचीस ना?" आणि खरं सांगायचं तर त्यात ते चुकले नव्हते. काकूंनाही ते ठाऊक होतं. म्हणून तर त्यांना पाच हवे होते.

पण मधल्या काळात सरकारने टॅक्सची ती सवलत काढून घेतली होती. तोटा दाखवून फायदा होईना, तेव्हा गावोगावचे हौशी लोक घोडे विकायला निघाले आणि बाजार झोपला. डॉक्टरांनी कोणाला न विचारता ॲरिझोनात एक काँडो घेऊन टाकला. तिथे थंडी नाही, बर्फ नाही आणि जनावरं आणायला परवानगी नाही. हे त्यांनी आम्हाला पार्टीत सांगितलं. काकू तेव्हा वाढत होत्या; हे त्यांनाही आमच्याबरोबरच कळलं.

फार्म डॉक्टरांच्या नावावर, चेकबुक डॉक्टरांच्या खिशात. काकूंनी जाहिराती लिहिल्या. सोनी गेली, बाकीच्या घोड्या गेल्या, गौरीची दोन्ही शिंगरं एकाच माणसाने एकाच दिवशी उचलली. "ब्यूटिफुल कलर," तो म्हणत होता. काकूंनी त्याला शिंगरांची आई दाखवली आणि म्हणाल्या, हिचं प्रत्येक पोर असंच होईल, ही घेऊन जा. त्याने गौरीकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि विचारलं, "हिला काय झालंय?" काकू म्हणाल्या, तशीच देते, काही देऊ नका. त्याने मान हलवली. कागद नसलेलं, असल्या डोळ्यांचं जनावर फुकटसुद्धा नको होतं.

गौरीची जाहिरात मात्र काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा रंगापासून सुरू केली. 'रंग मलई, डोळे निळे, कागद नाहीत.' पाय, दात, स्वभाव सगळं नंतर. मी विचारलं, असं का? तर म्हणाल्या, "लोक इतक्या लांबून येतात, बघतात आणि दारातून परत जातात. ते तिच्यासमोर व्हायला नको."

त्यांनी घोडेस्वारीच्या शाळांना फोन केले, एका अनाथाश्रमाला केला, आमच्यासारख्या अपार्टमेंटवाल्यांनासुद्धा कोणी ओळखीचं आहे का म्हणून विचारलं. शेवटी राहिला तो उरलीसुरली जनावरं गोळा करणारा एक डीलर. मोठा ट्रेलर घेऊन आला. काकूंनी त्याला सरळ विचारलं, हिला कुठे नेणार? तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "डिपेंड्स, मॅडम." कत्तलखान्याचं नाव त्याने घेतलं नाही; काकूंनी त्याला कॉफीही न देता परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "ये गं आज. चहा करायला कोणी तरी पाहिजे." आता मी गाडी चालवत होते. पोचले तर आवारात व्हेटचा ट्रक होता. तोच म्हातारा, आणखी वाकलेला. मागच्या कुरणात शेजाऱ्याने मशीनने खड्डा खणून ठेवलेला होता. मला सगळं कळलं.

व्हेटने हॅट काढून हातात धरली होती. पाच वर्षांपूर्वी मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही, एवढं त्याचं माणूसपण. त्याने बॅग उघडली तशा काकू म्हणाल्या, "आधी तपासा."

त्याला कळलं नाही.

"विकताना तपासता ना, तशी. सगळी. आणि मोठ्याने सांगा."

मग त्याने खरंच तपासलं. एकेक खूर उचलून बघितला, गुडघे वाकवून बघितले, ओठ वर करून दात बघितले, छातीला नळी लावून डोळे मिटून ऐकलं. काकूंनी तिला दोन फेऱ्या चालवून, पळवून दाखवलं. साडी खोचलेली, हातात दोर, बाजूने ती मलईच्या रंगाची उमदी घोडी. "पाय?" "उत्तम." "डोळे?" "स्वच्छ. दोन्ही." "हृदय?" "स्ट्राँग, मॅडम." "स्वभाव?" त्याने गौरीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, "इतकी शांत घोडी मी फार कमी बघितली."

डॉक्टर स्वयंपाकघराच्या खिडकीत कप घेऊन उभे होते. काकूंनी तिकडे बघितलं आणि मराठीत, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "रंग सोडला तर घोडी चांगली आहे."

मग त्यांनी गौरीला कुरणात नेलं. खड्ड्यापाशी तिला थोडं बाजूला घ्यायला हवं होतं. काकूंनी खांद्याला तळहात लावला, "सरक" म्हटलं आणि ती सरकली. म्होरकी शेवटपर्यंत काकूंच्याच हातात होती.

घरात आलो. मी चहा टाकला. डॉक्टर बैठकीत जाऊन टीव्ही लावून बसले होते. काकू सिंकपाशी गेल्या, पण हात न धुताच उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. पेपरातली जाहिरात आठवड्याची होती, ती अजून चालूच होती. मी उचलायला पुढे झाले, पण काकूंनी आधी घेतला. पलीकडचा पुरुषी आवाज मला टेबलापाशी ऐकू आला. जाहिरात नीट न वाचता त्याने पहिलाच प्रश्न केला, घोडीचा रंग कोणता?

काकूंनी फोन ठेवला नाही. शांतपणे म्हणाल्या, "मलई. डोळे निळे. कागद नाहीत. हिला जितकी पोरं होतील तितकी बकस्किन होतील. सगळीच्या सगळी."

पलीकडे खट् झालं आणि मग ती एकसुरी घूं सुरू झाली. काकू रिसीव्हर तसाच कानाला धरून भिंतीकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता ठेवतील. पण त्यांनी सांगायला सुरुवात केली, त्यांच्या त्या जाहिरातीतल्या सावकाश इंग्रजीत, एकेक शब्द नीट. पाय चांगले आहेत. दात चांगले आहेत. ट्रेलरमध्ये लगेच चढते. उन्हाळ्यात नाकाला मलम लावावं लागतं, लावू देते. मुलांना चालेल. चहा उतू गेला, तो मी उतरवला, बैठकीतून डॉक्टरांनी "कोणाचा फोन?" म्हणून विचारलं, फोनमधली घूं चालूच होती.

"आणि बाजूला व्हायला हवं असेल," काकू सांगत होत्या, "तर ढकलू नका. 'सरक' म्हणा. हळू म्हटलं तरी तिला कळतं."